मेलबर्नमध्ये वयस्कर आई-बाबांना घेऊन पाच दिवसांत काय काय बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या शेवटी येताय, आई-बाबा सत्तरीच्या आसपास आहेत, बाबांना क्रिकेटचं वेड आहे, आईचे गुडघे दुखतात आणि "काहीही सुटायला नको". अहो, सुटू द्या की. मी नऊ वर्षं इथे राहतोय आणि दोन्हीकडचे मिळून पाहुण्यांच्या सात-आठ बॅचेस फिरवल्यात, त्यावरून सांगतो, ज्यांनी कमी बघितलं तेच खूश होऊन गेले.

सगळ्यात आधी ग्रेट ओशन रोड, कारण सगळे तिथेच फसतात. रस्ता भारीच आहे, पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये बांधलेला, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र. पण ट्वेल्व्ह अपॉसल्सपर्यंत, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या खडकांच्या उंच सुळक्यांपर्यंत, किनाऱ्याने जायलाच चार तास लागतात, मग तेवढंच परत यायचं, आतल्या रस्त्याने आलात तरी तीन तास. माझ्या आई-बाबांना मी एका दिवसाच्या बस टूरने नेलं होतं, सकाळी सातला निघालो ते रात्री साडेनऊला घरी, आणि त्या खडकांपाशी मिळाला पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं बाथरूमच्या रांगेत. आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन मी दगड बघितले का बस बघितली?" शिवाय नावात बारा असले तरी बारा कधीच नव्हते, 2005 मध्ये एक सुळका काही सेकंदांत कोसळला, चुनखडीच ती, समुद्र कुरतडतोच आहे. तेव्हा जायचंच असेल तर अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला एक रात्र मुक्काम करा, नाहीतर सरळ सोडून द्या.

त्याऐवजी पफिंग बिली. शहरातून लोकल पकडून बेलग्रेव्हला शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, सव्वा तास लागतो, आणि तिथून ही कोळशाची झुकझुक गाडी. 1900 सालची, अडीच फुटी गेज, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा अर्धा फूट रुंद. मध्ये बंद पडली होती, ती लोकांनीच मागे लागून पुन्हा चालू केली आणि अजूनही बरीचशी कामं व्हॉलंटियर करतात. उघड्या डब्यात खिडकीच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडून लोक जातात, माझ्या बाबांनी मला दरडावलं की मागे बस, पडशील, आणि दहा मिनिटांनी बघतो तर स्वतः चपला काढून पाय बाहेर. इंजिनाची काजळी शर्टवर येते, पांढरं घालू नका. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सुट्ट्यांच्या सीझनमध्ये ऐनवेळी मिळत नाही.

बाबांसाठी एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. साधारण लाखभर लोक बसतात, पण रिकाम्या स्टेडियममध्ये उभं राहिल्यावर जे होतं ते वेगळंच. गाइडेड टूर असते, पण मॅचच्या दिवशी नाही, आणि तुम्ही येताय तेव्हा बॉक्सिंग डे टेस्ट म्हणजे 26 डिसेंबरपासूनचे दिवस गेलेच, तेव्हा एकतर मॅचचं तिकीट काढा नाहीतर टूर त्याच्या आधी किंवा नंतर धरा. इथे शतकवीरांच्या नावांचा बोर्ड आहे, त्यावर अजिंक्य रहाणे दोनदा, 2014 चे 147 आणि 2020 चे 112, तेही भारताच्या 36 ऑलआउटनंतरच्या लगेचच्या टेस्टमध्ये. त्याच्या आधी दोनदा नाव लागलेला भारतीय म्हणजे विनू मांकड. हे बाबांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू दे.

शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे, पण फक्त ठरलेल्या झोनमध्ये. झोनच्या आत मायकी, म्हणजे इथलं तिकिटाचं कार्ड, टच करायचं नाही, बाहेर जाणार असाल तर टच केलंच पाहिजे. मी पहिल्याच वर्षी गप्पांच्या नादात दोन स्टॉप पुढे गेलो आणि दंड भरला, चूक माझीच. 35 नंबरची जुनी लाकडी सिटी सर्कल ट्राम शहराला चक्कर मारते, गुडघेवाल्यांसाठी हेच बेस्ट साइटसीइंग. मध्ये स्टेट लायब्ररीला उतरा, फुकट आहे, 1913 सालच्या घुमटाखालचा वाचनकक्ष वरच्या गॅलरीतून बघा (लिफ्ट आहे) आणि नेड केलीचं लोखंडी चिलखत. दरोडेखोर होता, 1880 मध्ये फाशी गेला, पण निम्म्या ऑस्ट्रेलियाचा हिरो. चिलखतावर गोळ्यांचे पोचे अजून दिसतात, एकेक बोटाच्या पेराएवढे.

आर्ट गॅलरी म्हणजे एनजीव्ही पण फुकट, तिथे मोठ्या हॉलचं छत रंगीत काचांचं आहे, लोक खाली गालिच्यावर सरळ आडवे होऊन बघतात. दुपारी जेवण झाल्यावर जा, आईला पाठ टेकायला मिळेल आणि कुणी काही म्हणणार नाही.

फिलिप आयलंडचे पेंग्विन गोड आहेत, वीतभर-दीड वीत उंचीचे, पण डिसेंबरात सूर्य मावळतो पावणेनऊला, त्यानंतर ते समुद्रातून येणार, मग दोन तास ड्राइव्ह, म्हणजे घरी यायला मध्यरात्र. फोटो काढायला बंदी आहे. हे दुपारी झोप काढलेल्या दिवशीच करा. सेंट किल्डाला मात्र एखादी संध्याकाळ 96 ची ट्राम धरून जाच, अॅकलंड स्ट्रीटवर केकची जुनी दुकानं आणि पुढे बीच. स्कायडेक (उंच इमारतीवरून शहर बघायची जागा) वगैरे ठीक आहे, वेळ उरला तर.

डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, पण एकाच दिवशी 38 डिग्री आणि संध्याकाळी वारा फिरला की हुडहुडी, त्यामुळे छत्रीऐवजी जर्किन आणा, छत्री इथल्या वाऱ्यात उलटी होते. चटण्या, मसाले, लाडू जे काय आणाल ते विमानात देतात त्या कार्डावर डिक्लेअर करा, लपवलंत तर दंड जबर आहे.

आणि हो, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, म्हणजे इथली जुनी मंडई, तुम्ही तुमच्या बेतात सोमवारी ठेवलंय, ते सोमवारी बंद असतं, बुधवारी पण दिवसा बंद. मंगळवारी सकाळी करा, गरम जॅम डोनट घ्या, पण पहिला घास जपून, आतला जॅम जीभ भाजतो.