'रन' म्हणजे धावणे? फार कमी वेळा!

प्रश्न असा होता की सहावीतल्या भाचीच्या वहीत 'रन = धावणे' एवढंच लिहिलंय, आणि मग धड्यात दुकान रन करणारा माणूस आला तेव्हा तिने 'तो दुकान धावतो' असं लिहून बाईंचा लाल शेरा घेतला, तर रनचे नक्की अर्थ तरी किती आणि मराठीत त्याला एक धड शब्द का नाही?

आधी आकडा सांगून टाकतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात रन या नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत, नाम वेगळं. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका शब्दावर नऊ महिने घालवले. त्याआधी मान 'सेट'कडे होता, 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सेटचे साधारण 430 अर्थ आणि नोंद जवळजवळ 60 हजार शब्दांची, म्हणजे एक छोटी कादंबरीच की. पुढे कोशाची उजळणी सुरू झाली तसं आधी 'मेक', मग 'पुट' आणि 2011मध्ये रन सगळ्यांच्या पुढे गेला (आता इथे पण 'पुढे धावला' लिहायचा मोह आवरला).

तर भाचीला 645 अर्थ पाठ करायला लावू नका. रन दिसला की कोण रन होतंय किंवा काय रन केलं जातंय ते आधी बघायचं, कारण मराठीत क्रियापद त्या नामावरून ठरतं. माणूस, घोडा, कुत्रं असेल तर धावतं किंवा पळतं. दुकान, शाळा, संसार, मशीन, घड्याळ हे सगळं आपल्याकडे चालतं. हो, इंग्रजाचं दुकान पळतं आणि आपलं चालतं, तरी गल्ला दोन्हीकडे सारखाच भरतो. पिक्चर पण 25 आठवडे 'चालला' म्हणतो आपण.

नदीचं आणि नाकाचं काय, तर तिथे इंग्रजी फार लांब गेलेली नाही. रनच्या जुन्या रूपातच वाहणे हा अर्थ होता, जर्मनमध्ये त्याच कुळातला 'रिनन' आजही वाहणे या अर्थाने आहे. त्यामुळे नदी रन होते हे काव्य वगैरे नाही, साधं जुनं बोलणं आहे. आपल्याकडे नदी वाहते, नाक वाहतं किंवा गळतं, डोळ्यांना धार लागते, आणि धुतल्यावर कपड्याचा रंग 'जातो', तो दुसऱ्या कपड्यावर गेला तर 'लागतो'. इंग्रजीत हे सगळं रन. नळाची तर गंमतच आहे, आमच्याकडे सकाळी सहाला आई ओरडायची 'नळ आला, बादली लाव', आणि सातला 'नळ गेला'. आता हा नळ भिंतीतून हललेला नाही, फक्त त्यातून पाणी आलं आणि गेलं. विसरून तसाच सोडला तर 'नळ चालू राहिलाय'. इंग्रजीत टॅप रनिंग म्हटलं की संपलं, पण त्यात नळ येण्याजाण्याची मजा नाही, कारण 24 तास पाणी असणाऱ्याला नळ येतो म्हणजे काय हे कळणारच नाही.

निवडणुकीत अजून मजा आहे. अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये तो स्टँड करतो, म्हणजे उभा राहतो. आपण पण उभेच राहतो, 'यंदा वॉर्डातून कोण उभं आहे?' आणि उभा राहिलेला हरला की 'पडला', जे अगदी बरोबर बसतं, उभा होता म्हणूनच पडला ना. हल्ली चॅनेलवाले 'आमदारकीच्या शर्यतीत' म्हणायला लागलेत तो अमेरिकन वारा असावा. तेच चॅनेलवाले बातमी 'चालवतात', तिथे मात्र रनचं भाषांतर करताना त्यांनी धाववली नाही हे बरं झालं.

मग आपल्याकडे काहीच धावत नाही का? धावतं की! गाडी धावते, 16 एप्रिल 1853ला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे 'धावली' असंच आपण लिहितो, चालली कोणी म्हणत नाही. पण बोलताना बघा, संपाच्या दिवशी स्टॉपवर उभा असलेला माणूस 'एसटी चालू आहे का?' विचारेल, धावणारी एसटी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. रनवेला धावपट्टी, रनिंग कॉमेंट्रीला धावतं समालोचन, हे सरळ इंग्रजीवरून आलेले पण रुळलेले शब्द. क्रिकेटमध्ये धावा, धावफलक, धावबाद. चौकार गेला तर कोणी एक पाऊल धावत नाही तरी धावा चार, हा हिशोब इंग्रजीतूनच जसाच्या तसा आला. मला सगळ्यात आवडतो तो शिवणकामातला धावदोरा, इंग्रजीतला रनिंग स्टिच. सुई एकदा वर एकदा खाली अशी भराभर जाते, गाठ नाही वेढा नाही, हाताखाली खरंच दोरा पळताना दिसतो.

याच्या उलट मोबाईलवर 'अॅप पार्श्वभूमीत धावत आहे' असा मेसेज येतो तेव्हा डोकं फिरतं. अॅप मागे चालू आहे, एवढंच लिहा ना राव. हे लिहिणाऱ्याने (किंवा लिहिणाऱ्या मशीनने) भाचीसारखंच केलंय, नाम न बघता क्रियापद चिकटवलंय.

आणि काही रनना तर आपण यातलं एकही क्रियापद लावत नाही. ताप रन होत नाही, 'अंगात कणकण आहे' किंवा 'ताप भरलाय'. घराण्यात रन होणारा गुण 'रक्तातच आहे'. साखर रन आउट होत नाही, संपते. मेकॅनिकने मात्र रन हा शब्दच उचलून आपला करून टाकलाय, 'गाडीचं रनिंग किती झालंय?' म्हणजे किलोमीटर किती पडलेत, आणि जुनी गाडी विकताना 'रनिंग कंडिशन' म्हणजे दिसायला कशीही असो, किक मारली तर सुरू होते.

आता एक शब्द का नाही याचं उत्तर. रन एकटा करतो ती कामं आपल्याकडे चालणे, वाहणे, धावणे, पळणे यांनी वाटून घेतलीत, त्यातला मोठा वाटा चालणेचा. आणि तो चालणे इंग्रजाच्या हातात दिलात तर त्याची अवस्था भाचीपेक्षा वाईट होईल. मशीन चालू ठीक आहे, पण माणूस चालू? गाण्याला चाल, बुद्धिबळात चाल, बँकेत चालू खातं, दारातून 'चालता हो', आणि उपासाला साबुदाणा चालतो पण कांदा चालत नाही. यातला एकही साबुदाणा वॉक करत नाही.

भाचीला हेही सांगा की चालणे आणि धावणे आपण एकाच वाक्यात गाठ मारून वापरतो. पाहुण्यांना विचारायचं 'कोरा चहा चालेल का?' आणि ते म्हणतात, 'चालेल काय, धावेल!' हे इंग्रजीत कसं लिहायचं ते तिच्या बाईंनाच विचारा.