जैवसूचक, पण कशाचा?

वणी तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आहे. शाळेतली मुलं आंब्याच्या खोडांवरच्या दगडफुलाची पाहणी करत आहेत. परिसर कसा आहे हे ज्याच्यावरून कळतं असा सजीव (इंग्रजीत 'बायोइंडिकेटर') या अर्थानं तक्त्यावर त्याला 'प्रदूषणसूचक' म्हणावं, 'जैवदर्शक' की 'जैवनिर्देशक'?

गुरुजी, 'प्रदूषणसूचक' आधी खोडून टाका. त्यानं मुलांचा अर्थच उलटा होईल. दगडफूल (आपल्या सावजी मसाल्यात पडतं तेच) म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन. त्याला मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते थेट हवा-पावसातून घेतं. त्यामुळे कोळसा जळून निघालेला सल्फर डायऑक्साइडही सरळ आत शिरतो आणि शैवालाचं हरितद्रव्य नासवतो. पॅरिस शहरात इतरत्र नाहीशी झालेली दगडफुलं लक्झेंबर्ग बागेत टिकून होती, हे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं. म्हणजे नाजूक जातींचं दगडफूल भरघोस असेल, तर ते स्वच्छ हवेचं सूचक. काही चिवट जाती मात्र धुरातही तगतात. शिवाय आपल्याकडच्या कोरड्या उन्हातही दगडफूल कमी वाढतं, म्हणून ते दिसलं नाही एवढ्यावरून हवेला दोष देऊ नये.

याउलट सांडपाण्याच्या नाल्यातल्या तांबड्या अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या जगतात. त्यांची गर्दी दिसली, तर 'प्रदूषणसूचक' खुशाल लिहा. मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. "डोहात आता मरळ अन् मागूरच भेटते," असं कुणी भोई सांगत असेल तर कान टवकारावेत. हे दोन्ही मासे वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात. पाण्यातल्याच प्राणवायूवर जगणारा रोहू तिथून गेलेला असू शकतो.

उरले दोन शब्द. 'दर्शक' मुलांना लिटमस आणि हळदीच्या प्रयोगातून ठाऊक आहे, त्यामुळे 'जैवदर्शक' चुकीचा नाही. 'निर्देशक' म्हटलं की हिंदी सिनेमाचा दिग्दर्शक आठवतो. मला स्वतःला 'जैवसूचक' आवडतो. 'शुभसूचक', 'अर्थसूचक' यांत 'सूचक'च्या आधी तो काय सुचवतो ते येतं. 'जैवसूचक'मध्ये ते येत नाही, म्हणून ते वेगळं सांगावं लागतं. तक्त्यावर असं लिहा: 'दगडफूल: स्वच्छ हवेचा जैवसूचक'. खाली झाडाची जात, गावातली जागा आणि खोडाची कोणती बाजू तपासली, हेही लिहायला सांगा.