कोड 'डिप्लॉय' केला म्हणजे नेमकं काय केलं?

तुमचा प्रश्न असा, की शब्दकोशात 'डिप्लॉय' म्हणजे 'सैन्य तैनात करणे' दिलंय, मग ऑफिसात सगळे 'कोड डिप्लॉय झाला का?' असं का विचारतात. पहिल्या नोकरीत मीही इथेच अडखळलो होतो.

मुळात या शब्दात फौज नाहीच, घडी आहे. लॅटिनमध्ये 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. त्याच्या उलट क्रियेचा, म्हणजे उलगडण्याचा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'डिस्प्ले' हा त्याचा सख्खा भाऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस लष्करात तो रुळला. तेव्हा पलटण रस्त्यानं चालायची ती लांबलचक, अरुंद रांगेत. शत्रू समोर आला तर बंदुका चालणार फक्त पुढच्या चौघांच्या. म्हणून मागचे शिपाई डावी-उजवीकडे सरकून आडवी फळी उभी करायचे. घडीची चादर झटकून पसरावी तसं. हे पसरणं म्हणजे डिप्लॉय.

पुढे अर्थ सैल होत गेला: तयार असलेलं जिथे हवं तिथे नेऊन कामाला लावणे. कोडचंही तेच. लिहून, तपासून झालेला कोड सर्व्हरवर चढवून लोकांसाठी चालू केला की तो डिप्लॉय झाला. नुसता लिहून ठेवलाय, तर पलटण अजून छावणीतच आहे म्हणायची.

आपला 'तैनात' मात्र वेगळ्या कुळातला, अरबी-फारसीतून आलेला. शाळेतली 'तैनाती फौज' आठवा. १८०२च्या वसईच्या तहानं दुसऱ्या बाजीरावाकडे कंपनीचं किमान सहा हजार पायदळ कायमचं आलं आणि खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख गेला. नेमून दिलेलं, जागेवर उभं असलेलं, असा त्याचा भाव. त्यात उलगडणं नाही. म्हणून 'एअरबॅग तैनात झाली' असं यांत्रिक भाषांतर वाचलं की हसू येतं.

एअरबॅग उघडते, पॅराशूटही उघडतं, पोलिसांचा बंदोबस्त लावतात, एनडीआरएफच्या तुकड्या तैनात होतात. कोडला 'डिप्लॉय'च म्हणा, उगाच मराठी शब्द शोधू नका.

आणि 'वापरणे' एवढंच म्हणायचं असेल तर हा शब्द नको. आमच्याकडे एकानं मेलमध्ये 'आय डिप्लॉइड युवर पेन' असं गंमतीत नव्हे, खरंच लिहिलं होतं. तिथे साधं 'यूज्ड' पुरलं असतं.