जुना ४०७, गूळ आणि गंज

प्रश्न : वडिलांनी घेतलेला टाटा ४०७ अजून रोज गुऱ्हाळावरचा गूळ मार्केट यार्डात नेतो. हौद्याच्या कडा आणि केबिनची पायरी गंजलीय. पेंटरनं सांगितलेला आकडा झेपत नाही. भावाच्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आहे, गन विकत घेईन म्हणतो. पावसाळ्याआधी घरीच स्प्रे मारला तर टिकेल का? आणि खालून इंजिनचं जुनं काळं ऑइल मारू का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : टिकेल. पण गनच्या आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. पायरीवरचं रबरी मॅट उचला आणि खालचा पत्रा टोचून बघा. ठक्क वाजलं तर गंज वरवरचा. टोक आत गेलं तर ते काम रंगाचं नाही, वेल्डरचं. कुजका पत्रा कापून नवा तुकडा बसवायला लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी ३० वर्षं गाड्यांच्या बॉडी रंगवल्या. पासिंगच्या आदल्या दिवशी आलेल्या गाड्यांची असली भोकं लांबी (म्हणजे पेंटरची पुट्टी) भरून गुळगुळीत केलीत, खोटं कशाला बोलू. दोन पावसाळ्यांत लांबीसकट पत्रा हातात येतो.

तुमच्या गाडीचा खरा वैरी गूळच आहे. तो हवेतलं पाणी ओढतो. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या) बिजागऱ्यांत आणि हौद्याच्या सांध्यांत बसलेला चिकटा भर उन्हाळ्यातसुद्धा ओला राहतो, वर त्यात पाचट-माती अडकून पाणी जायची भोकं बुजतात. गरम पाणी ओतून तो विरघळवा, भोकं तारेनं मोकळी करा आणि गाडी दोन दिवस उन्हात उभी करा. रोजची खेप बुडते, कळतं मला. पण हे टाळलं तर पुढचा खर्च पाण्यात.

मग तारेचा ब्रश, नंतर ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर. जुन्या रंगाची कड बोटाला लागू नये इतकं घासा. खड्ड्यातला काळा गंज निघत नाही, तिथं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा घट्ट थर करणारं द्रावण) लावा आणि डब्यावर लिहिलंय तसं वाळवून-पुसून घ्या. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, सकाळी त्यावर पिवळी झाक आलेली दिसेल. प्राइमरचा पहिला हात ब्रशनं मारा. ब्रश खड्ड्यात रेटतो, गन वरून फिरते. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, चालेल. पण ते पाणी पितं, नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसात काढू नका.

पंक्चरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत तळाला पाणी साचतं. खालचा कॉक उघडून ते रोज सोडा. शिकाऊ असताना मी विसरलो होतो. केबिनचं दार आरशासारखं झालं म्हणून खुशीत घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर दारभर मोहरीएवढे फोड. अख्खं दार परत घासलं, तेही उस्तादांच्या देखत.

गन पत्र्यापासून वीतभर लांब धरा. मनगट वळवू नका, सगळा हात सरळ न्या. पहिला कोट धुक्यासारखा, पंधरावीस मिनिटांनी दुसरा. ओघळ आला तर बोट लावू नका, वाळल्यावर घासून काढा. जुना रंग इनॅमल असेल तर वर इनॅमलच मारा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरनं खालचा थर सुरकुततो. मे महिन्यात सकाळी ८ ते ११ गाठा. दुपारनंतर वळीव कधी येईल, नेम नाही.

हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी नको. त्यातल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. इनॅमललासुद्धा कार्ट्रिजचा (वाफ गाळणाऱ्या डबीचा) मास्क घ्या, आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणापासून लांब, उघड्यावर काम करा. थिनरची वाफ पेट घेते.

काळं ऑइल नको. ब्रेकचे रबरी पाइप फुगतात, धूळ चिकटते, पुढं त्यावर रंगही धरत नाही. शिवाय खायचा माल वाहता तुम्ही! चासी धुऊन, वाळवून काळा अंडरबॉडी कोट मारा.

रंग आहे तोच ठेवा, बदललात तर आरसीवर नोंद करावी लागते. आणि फाळक्यावर वडिलांनी काही लिहून घेतलं असेल, तर घासायच्या आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढा. प्राइमरखाली गेल्यावर अक्षराचं वळण आठवत नाही.