कपडे टोचतात, हे त्याचं खरं आहे

ताई, तुम्ही बारीकसारीक लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहिते. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालेलं, शब्द अजून मोजकेच. घरात अंगावर कपडा ठेवत नाही, बाहेर जाताना एकच निळा टी-शर्ट चालतो. जूनपासून सांगलीतल्या शाळेत गणवेश घालावा लागणार, मेमध्ये नणंदेचं लग्न आहे, आणि सासूबाईंच्या मते तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय. मी साताऱ्याची. माझ्या मुलीला लहानपणी हाच त्रास होता.

आधी सासूबाईंचं. स्पर्श, आवाज, वास जास्त किंवा कमी जाणवणं हा ऑटिझमचाच भाग आहे. २०१३ पासून डीएसएम-५ या निदानाच्या निकषांत त्याचा स्पष्ट समावेश आहे. आपल्याला सकाळी घातलेला कपडा थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. या मुलांपैकी अनेकांना तो जाणवतच राहतो, दिवसभर. पण सासूबाईंना निकष सांगू नका. त्यांना विचारा, बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं का शिवत नव्हते? जुन्या धोतराचं, लुगड्याचं मऊ झालेलं सुती कापडच का घ्यायचे? हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तसलं एखादं कापड घरात असेल तर त्यांनाच नातवासाठी बिनबाह्यांची बंडी शिवायला सांगा. आमच्याकडे आजी अशाच कामाला लागल्या आणि घरातला वाद निम्मा झाला.

आता मुख्य काम. काहीही विकत घेण्याआधी त्याला नक्की काय टोचतंय ते शोधा. ‘कपडे नको’ यामागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि बोलता न येणारं मूल ती हाताने दाखवतं. तो मान ओढतो का, कंबर, की पायाची बोटं? ओला थेंब पडला की लगेच काढतो का? धुऊन आणलेल्या कपड्याला नाक लावून दूर ढकलतो का? तसं असेल तर त्रास कापडाचा नसून पावडरीच्या वासाचा असेल. बिनवासाचा साबण वापरा आणि एक पाणी जास्त काढा. तो निळा टी-शर्ट उलटा करून नीट बघा. कापड होजिअरीचं आहे का, गळा किती मोठा, शिवण कुठे, लेबल शिवलेलं की छापलेलं? उत्तर बहुतेक त्यातच सापडेल. तसलेच आणखी टी-शर्ट मोठ्या मापांत घेऊन ठेवा, कारण तो वाढला की तुम्ही अडचणीत याल.

लेबल कात्रीने कापू नका. उरलेलं टोक आणखी बोचतं. शिवण उसवून ते मुळापासून काढा. दुमडीला पारदर्शक नायलॉनचा दोरा असेल तर तोही काढून सुती दोऱ्याने शिवून घ्या. छातीवर भरतकाम असेल तर आतून मलमल लावा. मोजे उलटे घाला, म्हणजे बोटांवरची शिवण बाहेर जाते. बनियनही उलटं घातलं तर कोणाला दिसत नाही. इलॅस्टिक बारीक नको, रुंद आणि कापडाने झाकलेलं हवं. नव्या कापडाची खळ जाईपर्यंत ते पुन्हा पुन्हा धुवा. बोअरच्या जड पाण्यात धुतलेले आणि कडक उन्हात वाळवलेले कपडे ताठ होतात. सावलीत वाळवा, काढताना झटकून हाताने चोळा. मोठ्या भावंडांचे वापरून मऊ झालेले कपडे मिळत असतील तर नव्यापेक्षा तेच घ्या.

स्पर्शाचंही एक लक्षात ठेवा. हलका, सरकता स्पर्श यातल्या बऱ्याच मुलांना सहन होत नाही, घट्ट दाब मात्र आवडतो. तुमचा मुलगा गोधडीत स्वतःला गुंडाळून घेतो का, गाद्यांच्या मध्ये घुसतो का ते पाहा. तसं असेल तर कपडे घालण्याआधी हातपाय घट्ट दाबून द्या, टॉवेलने दाबून पुसा. अंगाला बसणारं बनियन त्याला ढगळ सदऱ्यापेक्षा बरं वाटेल. दाब आवडत नसेल तर हे सोडून द्या. वजनदार जाकिटं महाग असतात आणि त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा नाही. त्यावर पैसे घालवू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

गणवेशाला आत्तापासून लागा. बहुतेक गणवेश टेरिकॉटचे असतात, कॉलरमध्ये बक्रम, म्हणजे ती ताठ ठेवणारं जाड कापड, असतं. शाळेकडून कापडाचा नमुना घ्या, त्याच रंगाचं सुती कापड कापड पेठेत शोधा. इचलकरंजीही तुम्हाला जवळच आहे. शिंप्याला बक्रम घालू नका म्हणावं, पँटला बटणाऐवजी इलॅस्टिक. टाय आणि पट्टा नको म्हणून शाळेला थेरपिस्टचं पत्र द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याची अपेक्षा शाळांकडून आहे. भांडायला जाऊ नका, पण हे माहीत असू द्या.

सराव मात्र शाळेच्या घाईत नको. दुपारी तो पोटभर जेवून शांत असताना, आवडीच्या खेळाबरोबर, थोडा वेळ. त्याने काढायला सुरुवात करण्याआधी तुम्हीच काढा. ‘आता काढू’ म्हटल्यावर कपडा खरंच निघतो, हा विश्वास बसला की घालायची भीती कमी होते. क्रम रोज तोच ठेवा, हवं तर चित्रं लावा. हात धरून जबरदस्तीने घालणं कोणी सुचवलं तरी करू नका. शाळेतून आल्यावर लगेच गणवेश काढून चड्डीवर राहू द्या. दिवसभर सोसल्यावर त्याला ती मोकळीक हवी असते.

लग्नात जरीचा कुर्ता घालायचा आग्रह कोणी केला तर तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहा. बँड, गर्दी, उन्हाळा, जागरण, अक्षता, एवढं सगळं एकदम अंगावर येत असताना एरवी चालणारा कपडाही चालेनासा होतो. ओळखीचं घालू द्या, फोटोत काय दिसेल ते दिसेल.

थंडीचंही बघा. काही मुलांना गारठा कळतच नाही. पूर्ण बाह्यांची सवय दिवाळीआधी, हवा बदलायच्या सुमारास सुरू करा. स्वेटर लोकरीचा नको, आतून सुती अस्तर असलेला.

आणि एक महत्त्वाचं. आजवर चालणारा कपडा अचानक नकोसा झाला तर आधी अंग तपासा. घामोळं, खरूज, गजकर्ण, लघवीला जळजळ, कान दुखणं, काहीही असू शकतं. बोलू न शकणाऱ्या मुलाचं दुखणं असं कपड्यांवर निघतं. डॉक्टरांना दाखवा.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे कपडे घालणं, जेवणं अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ, अजून गाठला नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सेवा मोफत असते. दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत धरतात. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून प्रमाणपत्राचा अर्ज याच आठवड्यात टाका.