सदलग्यात नदीकाठी राहायला आलाय? आधी एवढं करा

ताई, घाबरू नका, दूधगंगेकाठची गल्ली माणसाला जीव लावते. फक्त शेजारच्या आजींना विचारा, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. कागदपत्रं, धान्य, मिक्सर त्या खुणेच्या वरच ठेवा.

नवी माणसं आभाळ बघतात, तिथंच चुकतात. इथं ऊन असलं तरी वर काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला की नदी चढते. खाली दूधगंगा जिला मिळते ती कृष्णा फुगलेली असली तर आपलं पाणी तुंबतं, लवकर उतरत नाही.

बंधाऱ्यावर घोटाभर पाणी दिसलं तरी गाडी घालू नका.

जनावरं असतील तर ती उजेडातच हलवा. अंधारात म्हैस पाण्यात पाऊल टाकत नाही. मी दावं धरून रडलोय.

उन्हाळ्यात या, मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली, वांगी देतो.