गावच्या घराची पडवी सजवण्यासाठी कर्ज काढावे का?

सप्रेम नमस्कार.

आपण ठाण्यात नोकरी करता, संगमेश्वर तालुक्यातील घरी आपल्या ७६ वर्षांच्या आई राहतात आणि येत्या गणपतीपर्यंत त्या घराची पडवी नव्याने करावी अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी आपण ३,५०,००० रुपयांचा अंदाज कळवला आहे: फरशी आणि पायऱ्या १,१०,०००, लोखंडी ग्रील व पुढची शेड ७०,०००, सागवानी झोपाळा ८५,०००, गाद्यांचा सोफासेट ६०,००० आणि दिवे, कुंड्या, कठडा मिळून २५,०००. हे पैसे १४ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून उभे करावेत की ५ लाखांची मुदत ठेव मोडावी, असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते दोन्ही करू नयेत, आणि पडवी मात्र जरूर करावी. आई दिवसातला बराच वेळ पडवीतच असतात आणि शेजारीपाजारी संध्याकाळी तिथेच येऊन टेकतात, असे आपण लिहिले आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीकडे माणसांची ये-जा राहावी यासाठी केलेल्या खर्चाला मी चैन मानत नाही.

कर्जाचा हिशेब आधी पाहू. साडेतीन लाख रुपये तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ११,९६० रुपये येतो आणि प्रक्रिया शुल्क सोडूनही व्याजापोटी ८० हजारांहून थोडे अधिक जातात. म्हणजे जवळजवळ दुसऱ्या झोपाळ्याची किंमत. ठेव मोडली तर दीड लाख उरतात. आपला मासिक खर्च ५०,००० रुपये असल्याने सहा महिन्यांचे तीन लाख रुपये अडीअडचणीसाठी हाताशी असलेच पाहिजेत, त्यातून आई गावी एकट्या आहेत. त्यामुळे त्या ठेवीला हात लावू नये.

आता घराच्या मालकीचा जो मुद्दा आपण प्रश्नात विचारात घेतलेला नाही, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घर आपल्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे आणि आपल्याला एक भाऊ व एक बहीण आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर आई आणि आपण तिघे भावंडे असे चार समान वारस होतात, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीत, कोणाचे नाव लागले आहे यावरून मालकी ठरत नाही. जी फरशी आपण बसवाल ती घराचा भाग होते, म्हणजे चौघांची होते. झोपाळा आणि खुर्च्या मात्र ज्याने घेतल्या त्याच्या राहतात. म्हणून फरशीचा खर्च तिघा भावंडांनी वाटून घ्यावा, प्रत्येकी साधारण ३७,००० रुपये, आणि तसे काम सुरू होण्याआधीच मोकळेपणाने बोलून लिहून ठेवावे. बहिणीला वगळून हे ठरवू नये. पुढे वाटणीच्या वेळी ‘पडवी मी केली’ हे वाक्य नात्यांत किती कडवटपणा आणते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत अनेकदा पाहिले आहे.

यादीतील दोन गोष्टी मी सरळ काढून टाकीन. लोखंडी ग्रील आणि शेडवर ७०,००० घालण्यापूर्वी कोकणातल्या पावसाचा विचार करावा. झड आत येते, सांध्यात पाणी मुरते आणि रंग दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. पावसाळ्यापुरती झडीच्या बाजूने झापे (विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री बांधली, तर हे काम अगदी थोडक्यात भागते आणि एरवी पडवी उघडी राहते. गाद्यांच्या सोफ्याचेही तेच. आषाढ-श्रावणात त्याला बुरशी येणार. त्याऐवजी बांबूच्या चार खुर्च्या पुरेत. सप्टेंबर २०२५ पासून पूर्णतः बांबू किंवा वेताच्या फर्निचरवर ५ टक्के जीएसटी आहे, तर लाकडी फर्निचरवर १८ टक्के. जुन्या, उतरवलेल्या घरांचे सागवान मिळत असेल, तर झोपाळ्यासाठी तेही पाहावे.

फरशीत मात्र काटकसर नको. गुळगुळीत चकचकीत टाइल्स पागोळ्यांच्या पाण्याने ओल्या झाल्या की आईंचा पाय घसरण्याची भीती आहे, तेव्हा खरखरीत पृष्ठभागाची फरशी घ्यावी आणि पायऱ्यांना धरायला कठडा आधी लावावा. शिवाय ७० वर्षांवरील सर्वांना उपलब्ध असलेले सरकारी आरोग्य विम्याचे आयुष्मान वयवंदना कार्ड आईंनी काढले नसेल, तर ते याच फेरीत काढून घ्यावे.

पैशांची जुळणी अशी होते. बचत खात्यात ८०,००० आहेत आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) वजा जाता महिन्याला १५,००० उरतात, म्हणजे फेब्रुवारी ते ऑगस्ट मिळून १,८५,००० रुपये. फरशीतील आपला वाटा, दिवे-कठडा आणि झोपाळा यांची बेरीज १,४७,००० होते. उरलेल्या ३८,००० रुपयांत खुर्च्या बसवता येतील. भावंडांनी वाटा दिला नाही आणि फरशी आपण एकट्याने केली, तर झोपाळा गणपतीनंतर, साधारण दिवाळीच्या पुढे सरकेल. तेवढ्यासाठी कर्ज नको.

फरशीचे काम मे अखेर उरकावे, कारण मृग लागला की गवंडी आणि वाळू दोन्ही अडतात. रक्कम बँकेतून द्यावी आणि फरशीची बिले जपून ठेवावीत. पुढे कधी घर विकले, तर कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येतो, फर्निचरचा धरता येत नाही. झोपाळ्याची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ज्या तुळईला कड्या अडकवायच्या आहेत, ती सुताराकडून ठोकून, वाळवी लागली आहे का हे तपासून घ्यावी. तुळई बदलावी लागली तर तो खर्चही फरशीप्रमाणे तिघांत वाटायचा आहे.